कळवळ्याचे माप

कळवळा हा शब्द आपल्याकडे इतका जुना आणि इतका घरचा आहे की त्याचे मोल कोणाला पटवून द्यावे लागत नाही. संतांच्या वाणीतून तो आपल्याला मिळाला, कीर्तनातून कानांवर पडत राहिला, आणि परक्याचे दुःख पाहून जो आतून हलतो त्याच्या जवळपास देव उभा असतो, ही श्रद्धा त्या शब्दाबरोबरच आपल्यात रुजली. म्हणून वाचकहो, कळवळा हवा की नको हा आज आपल्यापुढचा प्रश्न नाही. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे आणि तो एका वेगळ्याच दाराने आला आहे. जी मुले उद्या काळा कोट घालून दुसऱ्याचे गाऱ्हाणे न्यायासनापुढे मांडणार आहेत, त्यांच्या अंगी कळवळा किती आहे हे मोजता येईल का? येत असेल तर ते कशाने मोजावे, आणि मोजणारा नेमके काय मोजत असतो?

हा प्रश्न पनवेलात बसून विचारावा असे मला वाटते, कारण इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला माणसे निवडून घेता येत नाहीत. नवीन पनवेलच्या भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालयासारख्या संस्थेतून जो शिकून बाहेर पडतो, त्याच्यासमोरच्या खुर्चीत उद्या कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. भूसंपादनात शेत गेलेला आगरी किंवा कराडी शेतकरी येईल, खाडीतली मासळी कमी झाल्याने हवालदिल झालेला कोळी येईल, माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरची कातकरी बाई येईल, आणि खारघर-कामोठ्याच्या एखाद्या इमारतीत बिल्डरने ताबा न दिल्यामुळे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत बसलेला परगावचा नोकरदारही येईल. इतक्या निरनिराळ्या आयुष्यांशी ज्याला बोलायचे आहे त्याचा कळवळा जर आपल्या ओळखीच्या माणसांपाशीच थांबला, तर त्याचे कायद्याचे ज्ञान त्याच्या कपाटात राहील, गरजवंताच्या हाती लागणार नाही.

आता मापाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी 1980 साली 28 विधानांची एक प्रश्नावली मांडली; प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे उत्तर देणाऱ्याने स्वतःच सांगायचे. तिचे चार भाग आहेत: दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय, कल्पनेने दुसऱ्याच्या आयुष्यात शिरण्याची शक्ती, दुसऱ्याविषयी वाटणारी काळजी, आणि दुसऱ्याचे दुःख पाहताना स्वतःची होणारी घालमेल. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरेझा होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी व वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी 20 विधानांची मोजपट्टी तयार केली; प्रत्येक विधानाला 1 ते 7 गुण, म्हणजे कमीत कमी 20 आणि जास्तीत जास्त 140. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तीच मोजपट्टी कायद्याच्या विद्यार्थ्यांना लावून तपासली आणि 2016 साली तिच्याविषयी लिहिले. होजात यांच्या व्याख्येत भावनेपेक्षा समजुतीला अधिक जागा आहे. समोरच्याचा अनुभव आणि त्याची बाजू समजणे, ती आपल्याला समजली आहे हे त्याला जाणवेल असे बोलता येणे, आणि त्याला साहाय्य करण्याचा हेतू मनात असणे, अशा तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या आहेत.

प्रथमदर्शनी ही व्याख्या आपल्याला कोरडी वाटेल. कळवळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाझरणारे अंतःकरण येते. इथे तर समजुतीचीच गोष्ट चालली आहे. पण घाई करू नये. डेव्हिस यांनी परक्याविषयीची काळजी आणि आपली स्वतःची घालमेल यांना दोन वेगळे रकाने दिले, त्या विभागणीपाशी थोडे थांबावे. दुःख पाहून जीव कासावीस होणे आणि दुःखिताविषयी कळवळा येणे या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. दोन्हींत डोळे भरतात, दोन्हींत गळा दाटतो. परंतु पहिलीत मन आपल्याच अस्वस्थतेकडे वळते आणि त्या अस्वस्थतेतून सुटण्याची वाट शोधू लागते. दुसरीत ते समोरच्यापाशी थांबते, त्याला काय हवे आहे हे विचारण्याइतके शांत राहते.

कायदेविषयक साहाय्याच्या एका शिबिरात मी हे अगदी जवळून पाहिले. वाडीवरच्या शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती आणि वनहक्काच्या दाव्यांचे अर्ज भरण्याचे काम विद्यार्थी करत होते. एक कातकरी बाई आपली कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. अर्ज लिहायला बसलेल्या मुलीने तिचे घर येताना पाहिले होते, त्या घराचे छप्पर, आत मांडलेली तीन भांडी, आणि ते आठवून तिचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. ‘‘जमीन कधीपासून कसता?’’ या रकान्यापाशी येऊन ती थांबली. बाई म्हणाली, ‘‘सासरा व्हता तवापासून.’’ अर्जाला साल हवे होते. मुलीने असहायपणे शेजारी पाहिले आणि ‘माहीत नाही’ असे लिहिण्यासाठी पेन टेकवले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलीचा चेहरा तसा कोरडाच होता. तिने पेन बाजूला ठेवायला लावले आणि विचारले, ‘‘मावशी, शेताचा बांध कोणी घातला?’’ ‘‘सासऱ्यानंच. माझं पयलं पोर पोटात व्हतं, मी दगडं उचलू नको म्हनाला.’’ ‘‘ते पोर आता केवढं आहे?’’ पिशवीतून मुलाचा शाळेचा दाखला निघाला, त्यावर जन्मसाल 1999 होते. वनहक्क कायदा 2006 सालचा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असावी ही त्याची अट, आणि शेताला घातलेले बांध, वाडीतल्या जाणत्या माणसांचे जबाब हे पुरावे त्याच्या नियमांनी ग्राह्य मानलेले. बांध, बाळंतपण आणि दाखला एका ओळीत आले आणि रकाना भरला.

रडणाऱ्या मुलीचे अंतःकरण मऊ होते, आणि मऊ अंतःकरणाला मी कधीही कमी लेखणार नाही, कारण कळवळ्याचे बी तिथेच पडते. पण त्या बाईच्या आयुष्यात काळ सालांनी मोजला जात नाही, तो सासऱ्याच्या हयातीने आणि मुलांच्या जन्माने मोजला जातो, ही गोष्ट दुसरीला उमगली आणि तिने बाईच्या पंचांगातून कायद्याच्या पंचांगात जाण्याची वाट काढली. कळवळ्याचा हा पहिला पदर: तो समोरच्याच्या आयुष्याची घडण जाणून घेतो. ज्याला कायदा नीट येत नाही त्याचा कळवळा बाईजवळ बसून हळहळेल आणि उठून जाईल. बांध हा पुरावा होऊ शकतो हे ज्याला ठाऊक आहे त्याचा कळवळा तिच्या उपयोगी पडेल. म्हणून होजात यांच्या मोजपट्टीत समजुतीला जे वजन आहे ते मला योग्यच वाटते, आणि विधी महाविद्यालयात कलमे घोकणाऱ्या मुलाला मी सांगेन की ते घोकणेही कळवळ्याचाच एक भाग होऊ शकते.

आणखी एक पदर उलगडू. नामदेवांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कारण भाकरी कोरडी होती. कथेत भक्ती आहे, सर्वांभूती परमेश्वर पाहणे आहे, हे सगळे खरे. पण कायदा शिकणाऱ्याने तिच्यातल्या एका गोष्टीकडे निरखून पाहावे. इतर कोणालाही त्या क्षणी चोरी दिसली असती. नामदेवांना कोरडी भाकरी दिसली. कृत्य तेच, घटना तीच, फरक फक्त पाहणाऱ्याचे लक्ष कुठे गेले याचा. ज्ञानेश्वर माउलींनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले. ज्याच्यावर आरोप आहे, ज्याचा समाजाला राग आलेला आहे, त्याच्याविषयीचा कळवळा ही वकिलाची खरी परीक्षा आहे. गरीब, निरागस, अन्याय झालेल्या माणसाविषयी कोणाचेही मन द्रवते. त्यात शिकवण्यासारखे फारसे नाही.

या परीक्षेचे एक मोठे उदाहरण पनवेलच्याच मातीशी बांधलेले आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, जन्म 4 नोव्हेंबर 1845. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते नोकरीला होते; आईच्या अखेरच्या आजारात रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते पोचेपर्यंत आई गेली होती. पुढे 1876-77 च्या दुष्काळात त्यांनी खेडोपाडी हिंडून माणसांची दशा पाहिली, आणि त्या कळवळ्याने त्यांना शस्त्राच्या वाटेवर नेले. रामोशी साथीदार जमवून त्यांनी सावकारांवर धाडी घातल्या. जुलै 1879 मध्ये ते पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. राजद्रोह्याचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे, म्हणून कोणी पुढे येईना. तेव्हा गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारे पुणे सार्वजनिक काका म्हणून ओळखत होते, ते उभे राहिले.

इथे सार्वजनिक काका कोण होते हे ध्यानात घ्यायला हवे. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन करणारे, रयतेची गाऱ्हाणी अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने सरकारपुढे मांडावीत असे मानणारे, स्वदेशीचे व्रत घेऊन 1877 च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेलेले हे गृहस्थ. वासुदेव बळवंतांची वाट आणि त्यांची वाट वेगळी होती. दरोड्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. तरीही ज्याच्या कृतीशी आपण सहमत नाही त्याच्याही मागे कोणीतरी उभे राहिले पाहिजे, त्याची बाजू त्याच्या वतीने नीट मांडली गेली पाहिजे, हे त्यांना उमगले होते. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, वासुदेव बळवंतांना एडनला नेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वकीलपत्राने शिक्षा टळली नाही. म्हणून ते वकीलपत्र व्यर्थ गेले असे कोण म्हणेल? कळवळ्याचे माप निकालावरून घेता येत नाही, हे आपण या खटल्यापाशी उभे राहून शिकतो.

पण निरूपणाने सोपा भाग सांगून थांबू नये. त्याच 1879 च्या मे महिन्यात वासुदेव बळवंतांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. पळस्पे हे पनवेलचेच गाव. आज मुंबई-गोवा रस्ता पळस्पे फाट्यावरून जातो. ज्या घरावर त्या रात्री टोळी आली, त्या घरातल्या बायका-मुलांना त्यात देशभक्तीची कथा दिसली नसेल, त्यांना मशाली आणि हत्यारे दिसली असतील. त्या घराचाही कळवळा यायला हवा. शिरढोणच्या सुपुत्रासाठी डोळे पाणावले आणि पळस्प्याच्या घरासाठी काहीच वाटले नाही, तर तो कळवळा अपुरा आहे, आणि न्यायाच्या आवारात अपुरा कळवळा फार मोठे नुकसान करतो. आपली न्यायालये समोरच्या पक्षाला त्याचे ‘म्हणणे’ दाखल करायला सांगतात. तरुण वकील हे शब्द दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि पुढची तारीख लिहून घेतो. पण या एका प्रथेत कितीतरी पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. ज्याच्याविरुद्ध तू आला आहेस त्यालाही काही म्हणायचे असेल, हे गृहीत धरल्याशिवाय पुढे जायचे नाही. आपल्या अशिलाचा पक्ष मनापासून मांडत असताना समोरच्याच्या म्हणण्यातले सत्य ओळखता येणे, हा कळवळ्याचा दुसरा पदर, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. वकिलांच्या संघटनेने एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीच घ्यायचे नाही असा ठराव करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ए. एस. मोहम्मद रफी यांच्या खटल्यात ठामपणे सांगितले. सार्वजनिक काकांनी जे आपण होऊन केले, ते आता साऱ्या व्यवसायाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले गेले आहे.

आता मापाविषयी मनात असलेली एक शंका घेऊ. कळवळा ही हृदयाची गोष्ट, तिला आकडे लावणे म्हणजे तिचा अवमान, असे काही सज्जनांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण याच तालुक्याच्या इतिहासात आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. ज्या कायद्याखाली हे चालले तो 1894 चा भूसंपादन कायदा. जमिनीच्या बाजारभावाबरोबर आणखी 15 टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात होती. कारण जमीन विकायची इच्छा नसताना ती घेतली जाते आहे. या जादा रकमेला आपल्याकडे दिलासा रक्कम म्हणतात. सरकारी कागदावर हा शब्द वाचताना आपण पुढे सरकतो, पण क्षणभर इथे थांबावे. ज्या कोणी हे कलम लिहिले त्याला एवढे नक्की कळले होते की शेताची किंमत मोजून दिली तरी काहीतरी मोजायचे राहते: बांधावरचे झाड, आजोबांनी खणलेली विहीर, आणि आपण होऊन विकणे आणि घेतले जाणे यांतला फरक. या राहिलेल्यासाठी त्याने आकडा लिहिला. आकडा अगदी तोकडा होता. पण तो लिहिला गेला नसता तर मागायलाही काही उरले नसते.

आणि मागणारे उभे राहिले. जासईत जन्मलेले, स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले, पनवेलचे अनेक वर्षे आमदार असलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले, आणि या नव्या शहराच्या विमानतळासाठी गावे उठली तेव्हा तो आकडा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. इकडे केंद्राच्या कायद्यात दिलासा रक्कम 1984 च्या दुरुस्तीने 30 टक्के झाली आणि 2013 च्या नव्या कायद्याने 100 टक्के. पनवेल-उरणच्या माणसाच्या बोलण्यात ‘टक्के’ हा शब्द येतो तेव्हा त्यात हिशेब असतो आणि दुःखही असते, ही दोन्ही ऐकू येतील तो कान विद्यार्थ्याला हवा. 2013 च्या कायद्याने आणखी एक केले, जे मला त्या टक्क्यांहूनही मोलाचे वाटते. बाधित कुटुंब कोणाला म्हणायचे, या व्याख्येत त्याने ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यालाही आणले: शेतमजूर, कूळ, कारागीर, पाण्यावर किंवा जंगलावर पोट असलेले कुटुंब, जर संपादनाआधीची तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या भूमीवर चालत असेल. सात-बाऱ्यावर नाव नसलेला माणूस इतकी वर्षे शेतात उभा होता आणि कायद्याला तो दिसत नव्हता. कळवळा शेवटी कायद्याची नजर रुंद करतो, हा त्याचा तिसरा पदर.

ही नजर रुंद व्हायला किती काळ लागतो, याची साक्ष द्यायला नेऱ्याचे शांतिवन आहे. पनवेल तालुक्यातल्या त्या वसाहतीत कुष्ठरोग निवारण समितीने घराने टाकलेल्या माणसांना घर दिले, हाताला काम दिले. कुष्ठरोगावर अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 सालीच केली होती. रोग बरा होऊ लागला होता. कायद्यात मात्र 1898 चा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा अधिनियम 2016 पर्यंत शिल्लक राहिला, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत आपल्या विवाहविषयक कायद्यांत लिहिलेले होते. एक पूर्ण आयुष्य मावते एवढा हा काळ. शांतिवनात जखमा धुणाऱ्या हातांत कळवळा होता, कलमात तो उतरायला उशीर झाला. आणि ही दोन टोके जोडणारा माणूस कायदा शिकलेलाच असावा लागतो.

मग विद्यार्थ्याच्या अंगचा कळवळा कशाने मोजावा? होजात यांच्या अभ्यासातली एक गोष्ट इथे फार उपयोगी आहे. 2009 साली त्यांनी दाखवून दिले की वैद्यकीय विद्यार्थ्यांचे गुण तिसऱ्या वर्षी घसरतात, म्हणजे मुले पुस्तके सोडून प्रत्यक्ष रुग्णांजवळ जाऊ लागतात नेमक्या त्याच वर्षी. हे वाचून मन खिन्न होते, पण नवल वाटत नाही. ज्या वर्षी दुःख समोर येते त्या वर्षी त्याच्यापासून जीव वाचवण्याची भाषाही शिकली जाते. वॉर्डात माणूस खाटेचा क्रमांक होतो, न्यायालयाच्या आवारात तो ‘मॅटर’ होतो. ‘माझी दोन मॅटर बोर्डावर आहेत’ असे म्हणायला शिकलेला उमेदवार त्या दोन मॅटरमागचे चेहरे विसरायलाही हळूहळू शिकतो. म्हणून प्रश्नावली जरूर द्यावी, पहिल्या वर्षी द्यावी, शेवटच्या वर्षी पुन्हा द्यावी, आणि उतार दिसला तर विद्यार्थ्याला दोष न देता आपण त्याला कोणत्या भाषेत वाढवले ते शिक्षकांनी तपासावे. या कामी मोजपट्टी खरोखर चांगली आहे.

तिची मर्यादा मात्र तिच्या रचनेतच आहे. ती विद्यार्थ्याला विद्यार्थ्याविषयीच विचारते. मी दुसऱ्याची बाजू समजून घेतो, असे लिहिणारा प्रामाणिकपणे लिहीत असेल. तरी त्याला ती समजली की नाही, हे तो कसे सांगणार? शेतकऱ्याचे धान्य मोजताना पायली खळ्यावरच्या मालकाच्या हातात असली की माप कोणाच्या बाजूने पडते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. कळवळ्याची पायलीही ज्याच्यासाठी कळवळा आहे त्याच्या हाती असायला हवी. अशिलाला विचारावे. तुझे सांगून झाले का, मध्ये तोडले का, तुझी गोष्ट या मुलाच्या तोंडून ऐकताना ती तुला तुझी वाटली का? संतांना लोकांनी संत म्हटले ते त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून नव्हे, ज्यांना त्यांनी जवळ केले त्यांच्या साक्षीवरून. कळवळ्याचा साक्षीदार हा नेहमी दुसराच असतो.

आणि आपल्या कायद्याच्या व्यवहारात या साक्षीची जागा आधीपासून राखून ठेवलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष नसते एवढेच. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचे प्रतिज्ञापत्र केले जाते तेव्हा खाली नोंद असते की हा मजकूर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि तो बरोबर असल्याचे त्याने मान्य केले. त्याखाली त्याचा अंगठा. टाइप केलेल्या नमुन्यात ही ओळ आधीच छापलेली असते, आणि घाईच्या दिवसात ती वाचून न दाखवताच अंगठा घेतला जातो. खरे तर साऱ्या प्रतिज्ञापत्रात कळवळ्याची जागा तीच. वकिलाने आपल्या शब्दांत उतरवलेले दुसऱ्याचे आयुष्य इथे पहिल्यांदा त्या माणसाच्या कानांवर परत जाते, आणि ‘असं नव्हतं झालं’ म्हणण्याचा हक्क त्याला मिळतो.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला किमान 12 आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान 20 आठवड्यांची उमेदवारी करावी लागते, आणि विधी महाविद्यालयांत कायदेविषयक साहाय्य केंद्रेही असतात. पनवेलच्या मुलांकडून या काळात एक काम करून घ्यावे. अशिलाचे सांगणे आधी ऐकावे, मग कलम न घालता ते साध्या मराठीत लिहावे, आणि त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचून दाखवावे. जिथे तो हात वर करून ‘थांबा’ म्हणेल तिथे थांबावे, त्याच्यादेखत खोडावे, त्याच्या शब्दांत पुन्हा लिहावे; आणि शिक्षकांनी तपासायला तो खोडाखोड झालेला पहिला कागद, अशिलाची संमती घेऊन आणि नाव झाकून, मागावा. स्वच्छ प्रत न्यायालयासाठी असू द्यावी.